फुकट दिलं ते दिलं, आता पैसे मागा, पण जुनी आवृत्ती का मारता?

पानोपानी:
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून थेट धागाच काढतेय. नोट्स लिहायचं आणि आकृत्या काढायचं एक सॉफ्टवेअर मी कित्येक वर्षं वापरत होते. नाव मुद्दाम घेत नाही, नावावरून जुंपली की मुद्दा बाजूला राहतो हा इथला नेहमीचा अनुभव. फुकट होतं, वेबसाइटवर ठळक अक्षरांत 'कायम मोफत' लिहिलेलं होतं, त्यावर विसंबून सगळं त्यात टाकत गेले. मध्यंतरी ती कंपनी दुसऱ्या कुणीतरी घेतली, मग नवी आवृत्ती आली ती पैशांची, दरवर्षी भरायचे. म्हटलं ठीक आहे, आपल्याला नवीन काही नकोय, आहे तीच वापरू.

तर काल उघडलं आणि मधोमध चौकट, 'या आवृत्तीची मुदत संपली आहे. काम चालू ठेवण्यासाठी नवीन आवृत्ती घ्या.' खाली दोन बटणं, 'विकत घ्या' आणि 'बाहेर पडा'. तिसरं बटण नाही. चौकटीच्या मागे माझी फाइल अंधुक दिसतेय, शीर्षकं वाचता येतायत, पण आत जाता येत नाही, फुलीवर क्लिक केलं तर प्रोग्रामच बंद. ही मुदत मागच्या एका अपडेटमधून आत घातलेली होती हे आत्ता कळतंय, त्या अपडेटच्या यादीत लिहिलं होतं 'किरकोळ सुधारणा'.

पैसे मागायला माझी अजिबात ना नाही. पण माझ्या मशीनवर, नेटशिवाय चालणारा प्रोग्राम तारीख बघून बंद पाडायचा हक्क यांना कुणी दिला? त्यांच्या फोरमवर लोक नुसते पेटलेत. तुम्हाला काय वाटतं?

टवाळखोर:
फायली आवळून ठेवणारं ते विनरार वापरा. चाळीस दिवसांची ट्रायल संपली असं नम्रपणे सांगतं आणि तितक्याच नम्रपणे फाइल उघडून देतं. खिक्.

साधाभोळा:
माझ्याकडेही हेच झालंय!! मला वाटलं व्हायरस आला. कुणी उपाय सांगेल का, माझ्या तर सगळ्या फायली त्यांच्याच फॉरमॅटमध्ये आहेत.

कोडकिडा:
मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. माझी एक छोटी युटिलिटी आहे, फुकटच ठेवलीय. लोकांना वाटतं एकदा लिहिलं की संपलं. तसं नसतं हो. ऑपरेटिंग सिस्टीम दरवर्षी बदलते, कालपर्यंत चालणारं आज चालत नाही. मॅकवर डिजिटल सही करून, म्हणजे प्रोग्राम खरंच माझा आहे याची खूण घालून द्यायचं तर ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर द्या. विंडोजवर सही नसेल तर 'अनोळखी प्रकाशक' असा इशारा येतो आणि निम्मे लोक तिथूनच पळतात, सही हवी तर सर्टिफिकेट विकत घ्या, त्यात जून २०२३ पासून त्याची खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तसल्याच सुरक्षित यंत्रात ठेवायची सक्ती झालीय, म्हणजे आणखी खर्च आणि आणखी कटकट. आणि सपोर्टच्या मेल्स! पैसे देणारा लिहितो 'जमेल तेव्हा बघा', फुकटवाला लिहितो 'ताबडतोब दुरुस्त करा'. गंमत नाही करत.

जुन्या आवृत्तीचं म्हणाल तर ती बाहेर फिरत राहिली की तिच्यातल्या चुकांच्या तक्रारी माझ्याकडेच येतात, तिच्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर बदनामी माझीच. व्हॉट्सॲपच्या जुन्या आवृत्त्या मुदत संपली की बंद होतात, 'अपडेट करा' म्हणून अडून बसतात, तेव्हा कुणी मोर्चा काढत नाही. मग इथेच का?

पानोपानी:
@कोडकिडा, व्हॉट्सॲपमध्ये नवीन आवृत्तीही फुकट मिळते आणि तिला सर्व्हरशी बोलायचं असतं, जुन्या भाषेत बोलत राहिलं तर समोरच्याला कळणार नाही, तिथे मुदत घालणं मला पटतं. माझा प्रोग्राम कुठल्याच सर्व्हरशी बोलत नव्हता. वायफाय बंद करून वापरायचे मी. तुमच्या खर्चाबद्दल जे लिहिलंत ते सगळं नवीन आवृत्तीच्या खर्चाबद्दल आहे, ती विका ना, कोण नको म्हणतंय. बिनभाड्यानं राहू दिलेल्या खोलीचं भाडं मागितलं तर समजू शकते, तुम्ही माझं सामान आत असताना कुलूप बदललंत आणि किल्ली विकायला बसलात.

चौकसभवानी:
+१०० पानोपानी. शेवटचं वाक्य त्यांच्या फोरमवर टाक गं.

जुनाजाणता:
धाग्याचा विषय जुनाच आहे, फक्त दरवेळी नवीन पिढीला नव्यानं चटका बसतो. थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्या गाभ्याचं म्हणजे कर्नलचं काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालायचं. ते बिटमूव्हर कंपनीचं, मालकीचं, पण ओपन सोर्सवाल्यांना, म्हणजे आपला कोड सगळ्यांना उघडा ठेवणाऱ्यांना, अटी घालून फुकट दिलेलं. अट अशी की आमच्या स्पर्धेतलं काही बनवायचं नाही. तेव्हाच अनेकांनी बोंब मारली होती की अशा उधारीच्या गोष्टीवर एवढा मोठा प्रकल्प उभा करू नका, पण लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सला काम झाल्याशी मतलब. मग अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामरनं बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला, कंपनी बिथरली आणि एप्रिल २००५ मध्ये फुकटची आवृत्ती काढून घेतली. टोरवाल्ड्सनं काय केलं? दुसरं काही पसंत पडेना म्हणून स्वतःच लिहायला बसला. त्याच महिन्यात काही दिवसांत त्याचं ते सॉफ्टवेअर, गिट, स्वतःचाच कोड सांभाळण्याइतकं उभं राहिलं, आणि जून २००५ मध्ये कर्नलची २.६.१२ आवृत्ती गिटवरून निघाली. आज गिट कोण वापरत नाही सांगा. बिटकीपर २०१६ मध्ये ओपन सोर्स केलं त्यांनी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, कुणी ढुंकून बघितलं नाही.

तीच गोष्ट एसएसएचची, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे काम करायच्या प्रोग्रामची. टाटू इलोनेननं १९९५ मध्ये लिहिलं तेव्हा बऱ्यापैकी मोकळं होतं, पुढच्या आवृत्त्यांमध्ये लायसन्स आवळत गेलं. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी १.२.१२ या जुन्या मोकळ्या आवृत्तीवरून निघालेला कोड घेतला, तिथून ओपनएसएसएच सुरू केलं, आणि आज जगभरच्या सर्व्हरवर तेच बसलंय. दोन्हीत फरक लक्षात घ्या. बिटकीपर काढून घेता आलं कारण कोड त्यांच्याकडे होता. एसएसएचच्या जुन्या आवृत्तीला कुणी हात लावू शकलं नाही, कारण एकदा दिलेलं लायसन्स परत घ्यायची सोयच त्यात नव्हती.

टवाळखोर:
काका, म्हणजे पानोपानीताईंनी आता सुट्टी टाकून स्वतःचं नोट्सचं सॉफ्टवेअर लिहायचं?

जुनाजाणता:
नाही रे, आधी कुणाचा तरी प्रोटोकॉल फोडायचा, मग. :)

नियमावली:
रच्याकने, कुणी ते लायसन्स वाचलंय का ज्यावर आपण सगळे डोळे मिटून 'मान्य' म्हणतो? बऱ्याच मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक कलम असतं, की परवानगी आम्ही कधीही मागे घेऊ शकतो. कायद्यानं तुम्ही सॉफ्टवेअर घेतलेलंच नसतं, वापरायची परवानगी घेतलेली असते. आणि हे फुकट्यांपुरतं नाही. फोटोशॉपवाल्या ॲडोबीनं मे २०१९ मध्ये क्रिएटिव्ह क्लाउड या सबस्क्रिप्शनच्या ग्राहकांना, म्हणजे दरमहा पैसे भरणाऱ्यांना, पत्रं पाठवली होती की तुमच्याकडच्या अमुक जुन्या आवृत्त्या वापरायची परवानगी आता उरलेली नाही, वापरत राहिलात तर तिसऱ्या कुणाकडून तुमच्यावर दावा होऊ शकतो. पैसे भरूनही ही गत. लोक चिडले, आठवडाभर बोलले, अपडेट करून कामाला लागले.

'कायम मोफत' ही जाहिरात मात्र वेगळी गोष्ट. तिचा स्क्रीनशॉट कुणाकडे असेल तर जपून ठेवा. वेबसाइटवरून ते वाक्य आता गायब झालं असेल तर वेबॅक मशीनमध्ये बघा, तिथे साइट्सच्या जुन्या प्रती जपलेल्या असतात.

पानोपानी:
गायब झालंय, आणि वेबॅक मशीनमध्ये सापडलंय. दुवा त्यांच्या फोरमवर टाकला, अजून उडवलेला नाही.

मधलीसुट्टी:
गेम बनवायचं इंजिन विकणाऱ्या युनिटीनं हाच घोळ घातला होता. १२ सप्टेंबर २०२३ ला जाहीर केलं की ठरावीक उत्पन्न आणि ठरावीक इन्स्टॉल ओलांडले की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे, फुकटच्या 'पर्सनल' योजनेवाल्यांना २० सेंट. तेही आधीच बाजारात आलेल्या गेम्सना धरून! आधी त्यांच्या अटींमध्ये असं होतं की तुम्ही जुनी आवृत्ती वापरत राहिलात तर जुन्याच अटी लागू राहतील, ते कलम गुपचूप गेलेलं आणि त्या अटींमधले बदल जिथे सगळ्यांना बघता यायचे ती गिटहब या साइटवरची जागाही काढून टाकलेली. गेमवाल्यांनी असा काही दणका दिला की दहा दिवसांत, २२ सप्टेंबरला, बऱ्याच अटी मागे, पर्सनलला शुल्क नाही, जुन्या आवृत्त्यांना नाही. ऑक्टोबरमध्ये सीईओ गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्कच रद्द. तोवर गडो या मोफत इंजिनकडे जायचे ते लोक गेलेच होते.

चौकसभवानी:
म्हणजे आरडाओरडा केल्याशिवाय काही होत नाही. प्रोग्रामरांची टूल्स बनवणाऱ्या जेटब्रेन्सचंही तेच. सप्टेंबर २०१५ मध्ये म्हणाले यापुढे फक्त सबस्क्रिप्शन, पैसे थांबले की टूल थांबलं. प्रोग्रामर लोक पेटले, आणि दोन-तीन आठवड्यांत सुधारित योजना आली, वर्षभराचे पैसे भरले की ते वर्ष सुरू होताना जी आवृत्ती होती ती कायमची तुमची, पुढे पैसे भरा नाहीतर भरू नका. आजही तसंच आहे. नोटॅबिलिटी या नोट्सच्या ॲपनं नोव्हेंबर २०२१ मध्ये आधी विकत घेतलेल्यांना सांगितलं वर्षभरानंतर तुमच्या सोयी जाणार, एक-दोन दिवसांत शेपूट घातली. ॲपलच्या ॲप स्टोअरच्या नियमांतच लिहिलंय की सबस्क्रिप्शनवर जाताना जुन्या ग्राहकानं ज्याचे पैसे भरलेत ती मूळ सोय काढून घेऊ नये.

म्हणून सांगते, सगळ्यांनी जाऊन एक-एक स्टार द्या. दुसरी भाषा कळत नाही यांना.

कोडकिडा:
एक-एक स्टार देऊन काय साधतं? जो निर्णय घेतो तो रेटिंग बघत नाही, जो बघतो त्या बिचाऱ्या सपोर्टवाल्याच्या हातात काही नसतं. आणि नोटॅबिलिटी, जेटब्रेन्स ही उदाहरणं पैसे भरलेल्या ग्राहकांची आहेत. इथे पैसे भरलेत कुणी? आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसं चाललंय हे. फुकट वापरलं इतकी वर्षं, धन्यवादाची एक मेल केली होती का कुणी?

चौकसभवानी:
हो केली होती. आणि चुका कळवल्या, नवख्यांना त्यांच्या फोरमवर उत्तरं दिली, दहा जणांना वापरायला लावलं. दुसऱ्या कंपनीनं हे विकत का घेतलं? कोड चांगला होता म्हणून फक्त? वापरणारे होते म्हणून. फुकटवाले हेच तर तुमचं भांडवल होतं आणि आता तेच फुकटे!

एकलव्य_२:
[प्रकाटाआ]

संपादक मंडळ:
वरचा प्रतिसाद वैयक्तिक शेरेबाजीमुळे काढला आहे. क्रॅक, पॅच, सीरियल नंबर यांचे दुवे इथे देऊ नयेत. धागा चांगला चाललाय, तसाच चालू द्या.

साधाभोळा:
एक बाळबोध प्रश्न. कॉम्प्युटरची तारीख मागे नेली तर चालेल का? कुणीतरी सांगितलं चालतं.

मधलीसुट्टी:
कधी चालतं, पण रोज असं काम करता येत नाही. तारीख मागे नेऊन ब्राउझर उघडा, बऱ्याच साइट्स अडतील, कारण साइटच्या ओळखपत्रावर, म्हणजे सर्टिफिकेटवर, 'या तारखेपासून' आणि 'या तारखेपर्यंत' अशा दोन्ही तारखा असतात आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या मते ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नसतं. ओटीपीचा दर तीस सेकंदांना बदलणारा कोड घड्याळावरूनच काढतात, त्याच मशीनवर ते ॲप असेल तर कोड जुळणार नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सिंक होणारं फोल्डर. तुम्ही आज सेव्ह केलेल्या फाइलवर जुनी तारीख पडते, काही सिंकवाले तिला जुनी समजतात आणि क्लाउडवरची जुनी प्रत आणून तुमच्या ताज्या कामावर बसवतात. काही प्रोग्राम तर शेवटची तारीख कुठेतरी लिहून ठेवतात, घड्याळ मागे गेलं की लगेच ओळखतात.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा खोटा कॉम्प्युटर. त्यात जुनी आवृत्ती टाका, त्या मशीनचं नेटवर्क बंद करा, मूळ कॉम्प्युटरशी वेळ जुळवून घ्यायची सोय असते ती आधी बंद करा नाहीतर ते हळूच आजच्या तारखेवर येतं, मग आतली तारीख मागे न्या. उघडलं तर फायली एक्स्पोर्ट करून घ्या आणि विषय संपवा. तिथे रोज काम करायला जाऊ नका.

नियमावली:
आणि लायसन्समध्ये असली पळवाट काढायला मनाई असू शकते हेही वाचून घ्या. स्वतःचा डेटा बाहेर काढण्यावरून कुणी कोर्टात खेचेल असं नाही, पण सांगायचं काम माझं.

साधाभोळा:
धन्स मधलीसुट्टी. वाचूनच घाम फुटला, पण रात्री करून बघतो.

जुनाजाणता:
मुदत घालणं हे पाप आहे असं माझं म्हणणं नाही हं. विंडोज ७ ची रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम आवृत्तीआधीची चाचणी आवृत्ती, २००९ मध्ये लाखो लोकांनी फुकट वापरली, तेव्हा पहिल्यापासून सांगितलेलं की १ मार्च २०१० पासून कॉम्प्युटर दर दोन तासांनी आपोआप बंद होईल आणि १ जूनला मुदत संपेल. तसंच झालं, कुणाची तक्रार नाही, कारण घेतानाच माहीत होतं. आणि न सांगता, कुणाच्याच मनात नसताना मुदत संपली की काय होतं तेही बघितलंय, मे २०१९ मध्ये मोझिलाच्या हातून एक सर्टिफिकेट नूतनीकरणाविना राहिलं आणि जगभरातल्या फायरफॉक्समधले ॲड-ऑन एकापाठोपाठ बंद पडले. ती निव्वळ चूक होती, धावपळ करून दुरुस्त केली. पानोपानी यांच्या प्रकरणात मला खटकते ती 'किरकोळ सुधारणा'. तारीख आत घालताना जो हात लपवला तो.

पानोपानी:
अगदी हेच!! मला ते वाक्य इतकं लागलंय. आधी सांगितलं असतं की अमुक तारखेनंतर ही चालणार नाही, तर ते अपडेट मी घेतलंच नसतं. बहुतेक म्हणूनच सांगितलं नाही.

कोडकिडा:
यावर मात्र मी तुमच्या बाजूनं. बदलांच्या यादीत लपवाछपवी हा हरामखोरपणाच आहे, त्याचं समर्थन नाही करणार.

मधलीसुट्टी:
ओपन सोर्सवालेही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत हेही सांगायला हवं. हॅशिकॉर्पनं ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या टूलचं लायसन्स बदललं. रेडिस या डेटाबेसवाल्यांनी मार्च २०२४ मध्ये. इलॅस्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकनं तर २०२१ मध्येच. प्रत्येक वेळी कारण साधारण तेच, दुसऱ्या कंपन्या आमचा माल फुकट घेऊन विकतात. कारण खोटं नाही. पण झालं काय, की टेराफॉर्मची १.५ पर्यंतची मोकळी आवृत्ती घेऊन ओपनटोफू निघालं, रेडिसची ७.२ घेऊन व्हाल्की निघालं, इलॅस्टिकसर्चवरून ओपनसर्च. ज्यांना पैसे भरायचे नव्हते त्यांचं एक दिवसही काम थांबलं नाही. पुढे इलॅस्टिकनं २०२४ मध्ये आणि रेडिसनं २०२५ मध्ये एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय दिला, पण फुटून निघालेले काही परत आले नाहीत.

सर्व्हरसाठीच्या सेंटओएस या मोफत लिनक्सचं दुखणं जरा निराळं. तिथे पैसे मागितले नाहीत, आयुष्यच कापलं. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार म्हणून लोकांनी सर्व्हर चढवले, आणि डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं २०२१ च्या अखेरीला बंद. मी तेव्हा कामावर रोज शिव्या ऐकत होतो. रॉकी आणि अल्मा हे लिनक्सचे पर्याय तिथूनच आले.

चौकसभवानी:
आणि नोट्सचं ॲप एव्हरनोट? डिसेंबर २०२३ मध्ये फुकटवाल्यांना ५० नोट्स आणि एकच नोटबुक. माझ्या त्याहून कितीतरी जास्त होत्या.

मधलीसुट्टी:
हो, पण त्यांनी जुन्या नोट्स उघडायला, बदलायला, बाहेर काढायला बंदी केली नव्हती, फक्त नवीन लिहिता येत नव्हती. लोक चिडले ते चिडलेच, पण कुणाच्या नोट्स आत अडकल्या नाहीत. मला तो फरक फार मोठा वाटतो.

कोडकिडा:
बरं, मी उद्या माझी युटिलिटी पैशांची करायची ठरवली तर काय केलेलं चालेल तुम्हाला, ते सांगा. उपहासानं नाही विचारत. मला खरंच हा विचार करावा लागणार आहे, नोकरी सांभाळून रात्री जागून हे किती दिवस करणार.

जुनाजाणता:
शेवटची फुकट आवृत्ती तशीच राहू दे. 'यापुढे दुरुस्ती नाही, सपोर्ट नाही, आपापल्या जबाबदारीवर वापरा' असं मोठ्या अक्षरांत लिही आणि त्यासंबंधीच्या मेलला उत्तरच देऊ नकोस. नवीन ऑपरेटिंग सिस्टीम आली की ती आपोआप मागे पडेल, ज्याला गरज तो तुझ्याकडे येईल. मारायची गरजच नसते, सॉफ्टवेअर स्वतःहून म्हातारं होतं.

चौकसभवानी:
मी पैसे देईन, फक्त एकदाच घे. दरवर्षी नको.

कोडकिडा:
इथेच तर अडतं. खर्च दरवर्षी येतो आणि तुम्ही एकदाच देणार.

चौकसभवानी:
मग पुढच्या मोठ्या आवृत्तीचे परत घे, मला हवी असेल तर घेईन. पूर्वी सगळे असंच करायचे ना?

कोडकिडा:
करायचे. आणि मग आवृत्ती विकण्यासाठी नको असलेल्या सोयी कोंबायचे, कारण नुसत्या दुरुस्त्यांना कुणी पैसे देत नाही. असो. पेंट डॉट नेट या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरची पद्धत मला आवडते, वेबसाइटवरून घेतलं तर फुकट, मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून घेतलं तर पैसे, तेच सॉफ्टवेअर. ज्याला द्यायचे तो देतो. किंवा डॉकर डेस्कटॉप या प्रोग्रामरांच्या टूलनं २०२१ मध्ये केलं तसं, २५० पेक्षा जास्त माणसं किंवा एक कोटी डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्या कंपन्यांनी पैसे भरायचे, एकटादुकटा माणूस फुकट. त्यावरही ओरडले लोक, पण काही महिन्यांची सवलत दिली होती आणि मोठ्या कंपन्यांनी निमूटपणे भरले. माझी युटिलिटी मोठ्या कंपन्या वापरत नाहीत हा प्रॉब्लेम आहे म्हणा.

टवाळखोर:
दोनशे एकावन्न जणांच्या कंपनीत एकाला काढून टाकतील पण पैसे नाही भरणार.

नियमावली:
हहपुवा.
अवांतर: लोकांच्या रागाचा उपयोग होतो की नाही यावर वर वाद झाला, माझं निरीक्षण सांगतो. युनिटीला माघार घ्यावी लागली कारण गेम बनवणाऱ्यांकडे जायला दुसरी जागा होती आणि त्यांचा आवाज मोठा होता. ॲडोबीनं मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढच्या आवृत्त्या फक्त सबस्क्रिप्शनवर, तेव्हाही प्रचंड ओरड झाली होती, सह्यांच्या मोहिमा निघाल्या, ते जागचे हलले नाहीत, कारण ओरडणाऱ्यातल्या बहुतेकांना सोमवारी परत फोटोशॉपच उघडायचं होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे तुमच्या फायली दुसरीकडे नेता येतायत का, हा प्रश्न रागापेक्षा महत्त्वाचा. फॉरमॅट त्यांचा असेल तर अडला हरी अशीच आपली अवस्था.

पानोपानी:
अपडेट देते. कंपनीनं आज निवेदन काढलंय. माफी वगैरे नाही, 'आमच्या वापरकर्त्यांच्या भावनांची आम्हाला कदर आहे' छापाचं. पण एक छोटी फाइल दिलीय, ती टाकली की जुनी आवृत्ती वाचण्यापुरती उघडते आणि एक्स्पोर्ट चालू होतं. नवीन काही लिहिता येत नाही. ही सोयही ठरावीक मुदतीपुरतीच आहे, यावेळी तारीख निदान स्पष्ट लिहिलीय.

चौकसभवानी:
बघ, ओरडल्यामुळेच झालं.

कोडकिडा:
किंवा कुणीतरी वकिलाला तो वेबॅक मशीनचा दुवा दाखवला असेल.

साधाभोळा:
मधलीसुट्टींनी सांगितलं तसं व्हर्च्युअल मशीन करायला बसलो होतो, आता ही फाइल टाकून बघितली. उघडलं! पण पीडीएफ काढलं तर नोट्समधले एकमेकांचे दुवे सगळे मेले, नुसती निळी अक्षरं उरली. आकृत्याही चित्र होऊन बसल्या, आता त्यात बदल करता येणार नाहीत ना?

पानोपानी:
पीडीएफ नका काढू, एचटीएमएलमध्ये काढा, त्यात दुवे जिवंत राहतात. आकृत्यांसाठी एसव्हीजी हा फॉरमॅट निवडा, ती फाइल पुढे इंकस्केप या मोफत चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये उघडून बदलता येते, मी दोन-चार करून बघितल्या, बाण जरा सरकतात पण अक्षरं शाबूत असतात. आणि 'जोडलेल्या फायली सोबत घ्या' ही खूण स्वतः करावी लागते, नाहीतर नोट्सना लावलेल्या फायली मागेच राहतात आणि एक्स्पोर्ट मात्र 'यशस्वी' म्हणून सांगतं.

साधाभोळा:
ती खूण मी केली नव्हती. परत काढतो सगळं.

मधलीसुट्टी:
काढून झालं की दुसऱ्या मशीनवर, जिथे ते सॉफ्टवेअरच नाही तिथे, चार-पाच फायली उघडून बघा. त्याआधी मूळ फायली उडवू नका.